वाचक विचारतात : लाँग वीकेंडला पोलीस रस्त्यावर का उभे असतात?

मागच्या अंकात लिहिलं होतं की जोडून सुट्ट्या येतायत, पोलिसांनी जादा बंदोबस्त लावलाय, गाडी जपून चालवा असं आवाहनही केलंय, तर कुणाच्या मनात काही असेल तर विचारा. एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. काही रागातले आहेत, काही काळजीतले. मी ट्रॅफिक पोलिसात अठ्ठावीस वर्षं काढली, आता रिटायर झालेय, त्यामुळे आता मोकळेपणाने बोलता येतं. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, एकसारखे होते ते एकत्र केलेत.

मॅडम, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. सुट्टी आली की जिकडे तिकडे नाकाबंदी, गाडी बाजूला घ्या, कागद दाखवा. एरवी हे लोक कुठे असतात? आम्हाला तर हा दंड गोळा करायचा सीझन वाटतो.

राग कसला, हे मला ड्युटीवर असताना लोकांनी तोंडावर विचारलंय, आणि तेव्हा मागे गाड्यांची रांग असायची म्हणून नीट उत्तर कधी देताच आलं नाही. आता देते.

सुट्टीतलं ट्रॅफिक रोजच्यासारखं नसतं हो. रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जाणारा माणूस त्या दिवशी कधी न पाहिलेल्या रस्त्यावर असतो, एरवी एकटा असतो तर त्या दिवशी गाडीत पाच जण आणि डिकी फुल, वर्षभर गावातल्या गावात चालवणारा अचानक हायवेला लागतो, आणि हे सगळे एकाच सकाळी निघतात आणि एकाच संध्याकाळी परततात. त्यात कुणी रात्री जागलेला, कुणी प्यायलेला. आणि गाडी भरलेली असली की एका चुकीत अख्खं घर सापडतं. म्हणून जादा माणसं लावतात, दुसरं काही नाही.

आता थांबवून उपयोग होतो का, तर होतो, आणि याचा पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्स नावाचं राज्य आहे, तिथे डिसेंबर १९८२ मध्ये, ऐन ख्रिसमसच्या सुट्टीच्या तोंडावर, पोलिसांनी काहीही संशय नसताना कुणालाही थांबवून, दारू प्यायलीय का ते बघायला, श्वासाची तपासणी सुरू केली. पुढच्या वर्षभरात रस्त्यावरचे मृत्यू जवळपास पाचव्या हिश्शाने कमी झाले. एवढे लोक काही पोलिसांनी पकडले नव्हते. झालं असं की पार्टीला जायच्या आधीच घरात बोलणं व्हायला लागलं, आज आपल्याला थांबवतील, मग येताना गाडी कोण चालवणार? मला तर नाकाबंदीचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं, की ती घरातल्या त्या बोलण्यापर्यंत पोचते. त्याच राज्यात अजूनही लाँग वीकेंडला लायसनवरचे डिमेरिट पॉइंट, म्हणजे नियम मोडल्याचे दंडाचे गुण, दुप्पट धरतात, आणि तसं आधी जाहीर करतात. आधी जाहीर करतात हे महत्त्वाचं आहे, कारण फक्त पकडायचंच असतं तर गपचूप धरले असते.

पण तुमच्या तक्रारीतला एक भाग मला शंभर टक्के मान्य आहे. झाडामागे लपून, उताराच्या तळाशी उभं राहून लोकांना पकडणं मला कधीच पटलं नाही आणि यावरून मी वरिष्ठांशी वादही घातलेत. पोलीस दिसला पाहिजे, लांबून दिसला पाहिजे. लोकांना वाईट वाटेल पण आपण सगळे पोलीस दिसला की पाय उचलतो आणि तो मागे पडला की परत दाबतो, म्हणून मग एकाच जागी उभं न राहता जागा बदलत राहायचं, म्हणजे पुढेही कुणीतरी असेल असं वाटत राहतं.

समोरून येणाऱ्याला लाईट मारून "पुढे पोलीस आहेत" असं सांगणं चूक आहे का? मी तर मदत म्हणून करतो.

कायदा जागोजागी वेगळा आहे, त्यात जात नाही. माझं मत सांगते. समोरचा फक्त जोरात येत असेल तर तुमच्या लाईटमुळे तो हळू होईल, ठीक आहे. पण तुम्हाला त्या काचेमागे कोण आहे ते माहीत नसतं. रात्री अकरा वाजता तो माणूस पिऊन चालवत असेल तर तुमचा लाईट बघून आडरस्त्याला वळेल, आणि त्या आडरस्त्यावर कुणीतरी पायी चालत असेल. मला हा विचार सोडवत नाही म्हणून मी स्वतः कधीच लाईट मारत नाही. तुम्हीही थांबवाल तर बरं.

लिमिट ८० असेल आणि मी १०० ने गेलो तर असा काय फरक पडतो? रस्ता मोकळा, गाडी नवी, ब्रेक चांगले. वेळ तरी वाचतो.

आधी वेळेचा हिशोब करू. १०० किलोमीटरला ८० च्या स्पीडने ७५ मिनिटं लागतात, १०० ने ६० मिनिटं. म्हणजे १५ मिनिटं वाचली, तीही पूर्ण रस्ता सलग १०० ने जायला मिळाला तर, आणि सुट्टीच्या दिवशी तसा मिळतो का ते तुम्हीच सांगा. टोलवर किंवा पहिल्या जाममध्ये तुम्ही ज्याला मागे टाकलं तोच तुमच्या शेजारी येऊन उभा राहतो, हे सगळ्यांनी अनुभवलंय.

आता दुसरा हिशोब, हा मी नवीन भरती झालेल्या पोरांना फळ्यावर मांडून दाखवायचे. समोर काहीतरी आडवं आलं की ते दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात ८० ची गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते आणि १०० ची ४२ मीटर, ब्रेक लागायच्या आधीच. मग ब्रेक. कोरडा रस्ता आणि चांगले टायर धरले तर ८० ची गाडी एकूण सत्तरेक मीटरमध्ये थांबते, १०० च्या गाडीला ९७ मीटरच्या आसपास लागतात. इथपर्यंत लोकांना वाटतं ठीक आहे, २७–२८ मीटर जास्त. पण खरी गोष्ट पुढे आहे. ज्या जागी ८० ची गाडी पूर्ण थांबली, त्याच जागी १०० ची गाडी अजून ताशी ७० च्या वेगात असते. म्हणजे एक माणूस ब्रेक दाबून घाम पुसतोय आणि दुसरा त्याच जागी ७० ने आदळतोय, आणि दोघांच्या स्पीडमध्ये फरक होता फक्त २० चा. हा आकडा फळ्यावर आला की वर्गात शांतता व्हायची. कारण सोपं आहे, ब्रेकला गाडीची जी ऊर्जा मोडायची असते ती वेगाच्या वर्गाने वाढते, वेग दुप्पट तर काम चौपट.

पाऊस असेल तर यातले ब्रेकचे आकडे सरळ वाढवा. गाडी भरलेली असेल आणि टायरमध्ये हवा कमी असेल तरीही वाढवा. निघायच्या आधी, टायर गार असताना, हवा तपासून घ्या, गाडीच्या दारावर स्टिकर असतो त्यावर फुल लोडची हवा वेगळी लिहिलेली असते, बऱ्याच जणांनी तो कधी वाचलेलाच नसतो.

रात्री एक वाजेपर्यंत बसलो होतो, पण सकाळी सातला आंघोळ करून, कडक कॉफी पिऊन निघालो. एकदम फ्रेश. तरी पोलिसांच्या श्वास तपासायच्या मशीनमध्ये दारू आली! मशीन बिघडलेलं असतं का?

नाही, मशीन बरोबर होतं. हा प्रश्न पाठवलात म्हणून मी तुमचे मनापासून आभार मानते कारण हे फार जणांना माहीतच नसतं, आणि सुट्टीत सकाळच्या तपासणीत सापडणारे लोक खरोखर चकित झालेले असतात, खोटं बोलत नसतात.

दारू उतरवायचं काम लिव्हर करतं आणि ते आपल्या गतीने करतं. रक्तातलं प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅम दर १०० मिलिलिटरमागे कमी होतं, कुणात थोडं कमी, कुणात थोडं जास्त. समजा रात्री एकला तुमच्या रक्तात १५० होतं. सात वाजेपर्यंत सहा तास झाले, ९० उतरलं, राहिलं ६०. बऱ्याच देशांत मर्यादा ५० आहे आणि काही ठिकाणी त्याहूनही कमी, नव्या ड्रायव्हरसाठी तर बरेचदा अजून कडक. म्हणजे तुम्ही झोपून उठलात, आंघोळ केलीत, आणि तरी मर्यादेच्या वर होतात. कॉफीने झोप उडते, दारू नाही उतरत. आंघोळीने नाही, लिंबाने नाही, उलटी करून नाही, पळून घाम काढूनही नाही. फक्त वेळ.

म्हणून सकाळी निघायचं असेल तर आदल्या रात्रीचं आदल्या रात्री ठरवा. जो चालवणार तो पिणार नाही, किंवा मग सकाळऐवजी दुपारनंतर निघा. आणि "फ्रेश वाटतंय" यावर जाऊ नका, कारण दारू सगळ्यात आधी तो अंदाजच बिघडवते.

आम्ही दरवेळी रात्रीच निघतो, ट्रॅफिक कमी असतं, मुलं झोपतात. मिस्टर ऑफिसवरून येतात, जेवतात आणि निघतो. परवा पहाटे त्यांचा डोळा लागला होता, गाडी पार कडेच्या पट्ट्यावर गेली, टायरचा खर्रर्र आवाज झाला म्हणून वाचलो. ते म्हणतात काही नाही, एक सेकंदच. मला आता भीती वाटते.

ताई, तुमची भीती बरोबर आहे, आणि ती त्यांच्याशी बोला, या वीकेंडच्या आधीच बोला.

ते सकाळी सहाला उठले असतील तर रात्री अकराला त्यांना १७ तास झाले जागं राहून. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी हे मोजलंय, १७ तास जागा असलेला माणूस आणि रक्तात ५० इतकी दारू असलेला माणूस यांच्या हातापायाचा ताळमेळ जवळपास सारखाच बिघडलेला असतो. म्हणजे तुमचे मिस्टर एक थेंबही न पिता, पिऊन चालवल्यासारखी सुरुवात करतात, आणि पहाटेपर्यंत ते आणखी वाईट होत जातं. त्यातही पहाटे दोन ते सहा हा शरीराचा सगळ्यात वाईट वेळ, तेव्हा आपलं सगळं अंग झोपायला सांगत असतं. दुसरा वेळ दुपारी जेवणानंतर, दोन ते चार.

आणि ते "एक सेकंद" म्हणतात ना, तो एक नसतो, तीन–चार असतात, माणसाला स्वतःला कळतच नाही. ९० च्या वेगात तीन सेकंद म्हणजे ७५ मीटर, डोळे मिटून. आम्ही अपघाताच्या जागी पहिली गोष्ट काय बघायचो, तर ब्रेकची खूण. ज्या अपघातात ड्रायव्हरला झोप लागलेली असते तिथे रस्त्यावर ब्रेकची खूणच नसते बरेचदा. कोरा रस्ता, आणि पुढे ती गाडी. मी असे किती पाहिलेत ते सांगत नाही, पण तो कोरा रस्ता अजून डोळ्यासमोर येतो.

लोक काचा उघडतात, गाणी मोठी लावतात, स्वतःला चिमटे काढतात. हे दहा मिनिटंसुद्धा टिकत नाही. जे चालतं ते असं : जांभया सुरू झाल्या, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, गाडी लेनमध्ये डुलायला लागली, यातलं एक जरी झालं तरी सुरक्षित जागी, पंपावर किंवा थांब्यावर, गाडी लावायची. हायवेच्या कडेला नाही. एक कॉफी प्यायची आणि लगेच सीट मागे करून १५–२० मिनिटं झोपायचं, कॉफी अंगात लागायला तेवढाच वेळ जातो, म्हणजे उठेपर्यंत दोन्ही कामं झालेली असतात. पण हा तात्पुरता उपाय आहे, पुढच्या तासाभरासाठी, अख्ख्या रात्रीसाठी नाही.

खरा उपाय तुम्हाला माहितीये, रात्री झोपा आणि पहाटे उजाडताना निघा. मुलं गाडीत पहाटेही झोपतात. ट्रॅफिक लागेल, एक तास जास्त जाईल, जाऊ दे. तुम्हाला चालवता येत असेल तर दर दोन तासांनी अदलाबदल करा, येत नसेल तर तुम्ही झोपू नका, शेजारी जागं राहून बोलत राहणं हेही काम आहे. आणि परतीच्या दिवसाचं आजच ठरवा, कारण जाताना सगळे सांभाळून जातात, परत येताना दमलेले असतात, दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं, आणि "आता काय, घर आलंच" असं म्हणून शेवटच्या तासात ब्रेक घेत नाहीत.

मागच्या सीटला बेल्ट कशाला? आणि छोट्याला मी मांडीवर घट्ट धरून बसते, माझ्या हातातून तो कुठे जाणार?

तुमचं प्रेम मला दिसतंय आणि म्हणूनच हे कडक शब्दांत सांगते, हातात राहत नाही. कुणाच्याच राहत नाही. ५० च्या वेगात गाडी कशाला तरी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर अंगावर आपल्या वजनाच्या साधारण वीस पट जोर येतो. १० किलोचं बाळ त्या क्षणाला २०० किलोच्या पोत्यासारखं पुढे जातं. तुमचे हात तेवढं वजन धरू शकतात का? आणि तुम्ही स्वतः बेल्ट लावला नसेल तर तुमचं वजन त्याच्या मागून येतं. बाळासाठी चाइल्ड सीट, मागच्या सीटवर, वजनाप्रमाणे बसणारी. मागे तोंड करून बसवायची सीट असेल तर चालू एअरबॅगच्या समोर कधीही ठेवू नका.

मागच्या सीटचं म्हणाल तर, बेल्ट नसलेला मागचा माणूस पुढच्या सीटवर जाऊन आदळतो आणि बेल्ट लावलेल्या पुढच्या माणसालाही चिरडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बेल्टमुळे पुढच्या सीटवरच्या माणसाचा मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत कमी होतो, मागच्याचा साधारण पाव हिश्शाने. आणि हा काही नवा शोध नाही, आज आपण लावतो तो तीन टोकांचा पट्टा निल्स बोलिन या इंजिनिअरने व्होल्वो कंपनीत १९५९ मध्ये आणला, कंपनीने पेटंट सगळ्यांना वापरायला मोकळं ठेवलं, आणि पट्टा लावायची सक्ती ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्येच केली.

आणखी एक. बेल्टचा आवाज बंद करायला मिळते ती खोटी क्लिप. मी एका चेंदामेंदा झालेल्या गाडीत ती तशीच खाचेत घातलेली पाहिलीये, बाकी सगळं मोडलं होतं आणि ती शाबूत होती. तुमच्या गाडीत असेल तर हा अंक खाली ठेवून आधी ती काढून या, खरंच.

मोबाईल मांडीवर नसतो, स्टँडवर असतो, फक्त मॅप बघतो आणि मेसेज आला तर नजर टाकतो.

मॅप निघायच्या आधी लावा, आवाज चालू ठेवा, ऐका. मेसेजवर "नजर टाकणं" पाच सेकंदांचं असतं आणि ८० ला पाच सेकंद म्हणजे ११० मीटर, बाकी हिशोब वर आलाच आहे. हँड्सफ्री कॉलही वाटतो तेवढा निरुपद्रवी नाही, हात मोकळे असतात पण डोकं तिकडे असतं. फोन मागच्या सीटवरच्या माणसाकडे देऊन टाका.

पोलिसांनी थांबवलं तर नेमकं काय करायचं? मी घाबरते आणि गडबडते.

घाबरू नका. इंडिकेटर द्या, आरशात बघा, सावकाश कडेला घ्या, एकदम ब्रेक मारू नका. इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा लावा, हात स्टेअरिंगवर दिसू द्या. सांगितल्याशिवाय उतरू नका, आणि ट्रॅफिकच्या बाजूचं दार तर अजिबात उघडू नका, आमचे सहकारी त्या बाजूला उभे असतात आणि मागून येणाऱ्यालाही दिसत नाही. काही चुकीचं वाटलं तर शांतपणे नाव विचारा, लिहून घ्या, नंतर तक्रार करा. रस्त्यावर वाद घालू नका, तिथे धोका दोघांनाही असतो.

गाडी बंद पडली तरी असंच, हॅझर्ड लावा, सगळ्यांना ट्रॅफिक नसलेल्या बाजूने उतरवा आणि कठड्यापलीकडे, गाडीपासून लांब उभं करा. गाडीच्या मागे उभं राहून हात दाखवत थांबवायला जाऊ नका.

बाबा ७२ वर्षांचे आहेत, चाळीस वर्षांत एक ओरखडा नाही म्हणतात. पण मागच्या ट्रिपला रात्री समोरच्या लाईटने त्यांना काही दिसेना, तरी स्टेअरिंग सोडत नाहीत. आम्ही बोललो की रुसतात. या सुट्टीत परत तेच होणार. कसं सांगू?

गाडीत बसल्यावर सांगू नका, चार लोकांसमोर तर नाहीच. दोन दिवस आधी, दोघंच असताना बोला. आणि "तुम्हाला आता जमत नाही" असं म्हणू नका, कारण ते खरंही नाही, चाळीस वर्षांचा हात आहे तो. जे झालं तेवढंच सांगा, बाबा त्या रात्री समोरून लाईट आला तेव्हा तुम्हाला दिसत नव्हतं, मला खूप भीती वाटली. वय वाढलं की डोळ्यांना लाईटच्या झगमगाटातून सावरायला जास्त वेळ लागतो, मोतीबिंदू सुरू झाला असेल तर आणखीच, यात त्यांच्या ड्रायव्हिंगचा काही दोष नाही. डोळे तपासून घ्यायला तुम्ही सोबत जा, ऑपरेशनने बऱ्याच जणांचा हा त्रास खूप कमी होतो.

आणि या वीकेंडपुरतं वाटून घ्या. सकाळचा टप्पा, उजेडातला, चहाच्या थांब्यापर्यंत त्यांचा. ते चालवतील तेव्हा तुम्ही मागून सूचना देऊ नका. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, आणि उशीर झालाच तर चावी तुमच्याकडे, हे आधीच ठरलेलं असेल तर त्या क्षणी कुणाला कुणाकडून काही काढून घ्यावं लागत नाही. माझ्या वडिलांशी मी हे बोलायला तीन महिने लावले होते. बोलले तेव्हा ते म्हणाले, मलाही रात्री चालवायला नको वाटतं, पण तुम्ही कुणी विचारलंच नाही.